आधी फ्लॉपी वाचा, मग ड्राइव्हला हात लावा

गेल्या अंकात जुन्या फ्लॉपी ड्राइव्हबद्दल, म्हणजे फ्लॉपी ही पातळ चुंबकीय चकती फिरवून तिच्यावरचा मजकूर वाचणाऱ्या यंत्राबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि या महिन्यात निम्मी पत्रं त्याच विषयावर आली. म्हणून या वेळचं सदर सगळं ड्राइव्हचंच. मी १९८७ साली पॉलिटेक्निकमधून बाहेर पडले आणि पुण्यात एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ड्राइव्हच्या टेबलावर बसले. पुढची चौदा वर्षं तेच काम केलं. ते टेबल आता माझ्या घरी आहे, स्कोपसकट (स्कोप म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर लाटेसारखा दाखवणारं यंत्र). खाली जे लिहिते आहे ते हाताने केलेलं आहे.

*

ताई, माझे सासरे मुख्याध्यापक होते. त्यांनी १९९१ ते १९९५ या काळात आसपासच्या गावांतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून टाइप करून ठेवल्या. सव्वापाच इंची बावीस फ्लॉप्या आहेत, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून बघितलं तर आत पांढरे ठिपके दिसतात. ओळखीतून एक ड्राइव्ह मिळाला आहे. घालून बघू का?
– एक वाचक, मालवण

घालू नका. ते पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणातल्या माळ्यावर तीस पावसाळे काढल्यावर ती येणारच, त्यात कुणाची चूक नाही. पण फ्लॉपी फिरताना ड्राइव्हचं हेड, म्हणजे मजकूर वाचणारा-लिहिणारा छोटा भाग, तिला घासूनच चालतं. बुरशी हेडवर चढते, त्याचा घट्ट गोळा होतो आणि तो गोळा डिस्कवरचा तपकिरी थर खरवडून काढतो. हा थर म्हणजेच तुमच्या ओव्या. शिवाय तेच घाण हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडा पाडतं. एका फ्लॉपीपायी बावीस गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आधी प्रत्येक फ्लॉपीच्या कडेला जी चौकोनी खाच असते तिच्यावर अपारदर्शक चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच बुजवली की लिहिणं बंद होतं. (साडेतीन इंचीत उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं.) ही पट्टी लावल्याशिवाय कुठलीच जुनी फ्लॉपी कुठल्याच ड्राइव्हमध्ये जाऊ द्यायची नाही.

मग धुणं. हो, फ्लॉपी धुता येते. पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर हे काम काढा, आणि तोंडाला मास्क बांधा. एका फ्लॉपीच्या पाकिटाची वरची कड धारदार पात्याने हळूच सोडवायची. आतली गोल चकती फक्त कडेला आणि मधल्या भोकापाशी धरून बाहेर काढायची. वरची बाजू कुठली हे विसरायला होतं, म्हणून भोकाच्या काठाला मार्करने बारीक खूण करा. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर एका पसरट भांड्यात घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब. मऊ सुती कापडाने, अजिबात न दाबता, दोन्ही बाजू पुसा. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्यातून दोनदा काढा आणि सावलीत उभी वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. पंख्याखालीही नको, कारण धूळ बसते.

वाळलेली चकती जुन्या पाकिटात परत घालू नका, त्याच्या अस्तरात बुरशी आहेच. एखादी टाकाऊ पण स्वच्छ फ्लॉपी घेऊन तिचं पाकीट वापरा. एक पाकीट दहा-बारा चकत्यांना पुरतं: घालायची, वाचायची, काढायची. आणि प्रत्येक चकतीनंतर हेड पुसायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. पुसताना कापडाला तपकिरी रंग लागला तर तिथेच थांबा. थर सुटायला लागला आहे. ती चकती बाजूला ठेवा आणि बाकीच्या झाल्यावर मला लिहा. पहिला हात सगळ्यात कमी महत्त्वाच्या फ्लॉपीवर बसवा, ओव्यांच्या फ्लॉप्या शेवटी.

*

आमचा छापखाना वडिलांनी चालवला. १९८९ ते १९९४ मधल्या अनेक पुस्तकांचा आणि दोन दिवाळी अंकांचा मजकूर ३६० केबीच्या (सव्वापाच इंची) फ्लॉप्यांवर आहे. त्या काळचा पीसी एक्सटी मशीन अजून चालू होतो. तो अर्ध्या फ्लॉप्या वाचतो, अर्ध्यांना 'अ‍ॅबॉर्ट, रीट्राय, फेल' म्हणतो. इथला मेकॅनिक म्हणतो, हेडचं अलाइनमेंट (हेडची नेमकी जागा) गेलंय, करून देतो. करून घेऊ का? दुसरं, ज्या फाइली वाचल्या गेल्या त्या नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. फाइली खराब झाल्या का?
– एक वाचक, सांगली

आज करून घेऊ नका. हे मी इतकं ठामपणे का सांगते त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

१९९३ साली शनिवार पेठेतल्या एका छापखान्याचा ड्राइव्ह माझ्या टेबलावर आला. तक्रार अशी, की बाहेरून आलेल्या फ्लॉप्या वाचत नाही. मी अलाइनमेंटची डिस्क घातली. ही कारखान्यात खास मोजमापाने लिहिलेली डिस्क असते, तिच्या १६ क्रमांकाच्या ट्रॅकवर (मजकूर ज्या गोल रेघांवर लिहिला जातो त्यातल्या एकीवर) हेड नेलं की स्कोपवर दोन फुगीर आकार शेजारी शेजारी दिसतात. आम्ही त्याला मांजरीचे डोळे म्हणायचो, कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही तेच नाव होतं. दोन्ही डोळे सारखे असले तर हेड ट्रॅकच्या मधोमध आहे. या ड्राइव्हचा एक डोळा मोठा आणि दुसरा जवळजवळ मिटलेला होता. मी स्टेपर मोटरचे (हेडला एकेक पाऊल सरकवणाऱ्या मोटरचे) स्क्रू सैल केले, मोटर केसभर फिरवली, डोळे सारखे केले, स्क्रू आवळले, आमच्या दहा फ्लॉप्या वाचून बघितल्या आणि ड्राइव्ह पाठवून दिला. काम अगदी चोख झालं होतं.

दोन दिवसांनी मालक स्वतः आले. हातात साठ फ्लॉप्यांचा डबा. एकही वाचली जात नव्हती. तो ड्राइव्ह तीन वर्षं वाकडा होता आणि तीन वर्षं त्याने वाकडंच लिहिलं होतं. त्याचं लिहिलेलं त्यालाच वाचता येत होतं. मी त्याला सरळ केलं आणि साठ फ्लॉप्यांना वाचणारा जगातला एकुलता एक ड्राइव्ह नाहीसा झाला.

त्या रात्री मी घरी गेले नाही. त्यांचीच एक फ्लॉपी, खाच बुजवून, आत घातली. स्कोपचा प्रोब हेडच्या सिग्नलवर लावला. स्क्रू पुन्हा सैल केले आणि मोटर आधीच्या वाकडेपणाकडे परत न्यायला सुरुवात केली. किती न्यायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सिग्नल वाढतो का एवढंच बघायचं. मोटरचं अंग अंगठ्याने एवढं ढकलायचं की डोळ्याला हललेलं दिसू नये, आणि पडद्यावरची लाट बघायची. पहाटे केव्हातरी लाट एकदम भरली. मी श्वास धरून स्क्रू आवळले, कारण आवळतानाही ती सरकते. मग शेजारी एक धड ड्राइव्ह लावून एकेक फ्लॉपी त्यावर उतरवून घेतली. दुसरी रात्रही त्यातच गेली. अठ्ठावन्न फ्लॉप्या निघाल्या, दोन निघाल्या नाहीत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, ड्राइव्ह सरळ केला.

अंतर किती सूक्ष्म आहे ते बघा. ३६० केबीच्या फ्लॉपीवर एका इंचात ४८ ट्रॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर. खुद्द ट्रॅकची रुंदी साधारण ०.३३ मिलिमीटर. एक दशांश मिलिमीटर सरकलं की खेळ संपायला लागतो.

तेव्हा तुमच्या मशीनला हात न लावता क्रम असा ठेवा. मेकॅनिकला फक्त हेड पुसायला सांगा: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची घट्ट वळलेली काडी, हलक्या हाताने. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. वरचं हेड ज्या पातळ पत्र्यावर तरंगतं तो पत्रा वाकला की ड्राइव्ह गेलाच समजा, म्हणून वरची दांडी बोटाने उचलून धरायची नाही. काडी आत जाईल इतपतच फट. एवढ्यावर ज्या फ्लॉप्या वाचल्या जातात त्या सगळ्या आधी उतरवून घ्या.

राहिलेल्या फ्लॉप्यांसाठी १.२ एमबीचा ड्राइव्ह शोधा (सव्वापाच इंचीचाच, पण जास्त मजकूर मावणारा प्रकार). त्याचं हेड अर्ध्या रुंदीचं, सुमारे ०.१६ मिलिमीटर असतं. रुंद ट्रॅकवर अरुंद हेड थोडं डावं-उजवं झालं तरी ट्रॅकच्या आतच राहतं, त्यामुळे वाकड्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉप्या त्यावर कित्येकदा सहज निघतात. पण त्या ड्राइव्हवर ३६० च्या फ्लॉपीत काहीही लिहू नका. तो रुंद रस्त्याच्या मधोमध अरुंद पट्टा लिहितो, दोन्ही कडांना जुना मजकूर उरतो, आणि मग जुना ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचून गोंधळतो.

हा ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला थेट जोडता येत नाही. त्यासाठी ग्रीसवीझल नावाचं यूएसबीचं छोटं कार्ड मिळतं. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे. ते फाइली वाचायचा प्रयत्नच करत नाही. हेडखालून चुंबकत्वाची दिशा केव्हा केव्हा बदलली तेवढी नोंद करतं, ट्रॅकच्या कितीही फेऱ्यांची. अर्थ नंतर कॉम्प्युटरवर शांतपणे लावायचा. जीर्ण फ्लॉपीला दहा वेळा 'रीट्राय' करून घासण्यापेक्षा एकदाच फिरवून ही नोंद घेणं केव्हाही चांगलं. पूर्वी माझ्याकडे हे असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या आणि कदाचित त्या दोन फ्लॉप्याही.

हे सगळं करूनही काही फ्लॉप्या अडल्या, तरच मोटर सरकवण्याचा विचार. त्या वेळी मला कळवा.

आता अक्षरांचं. फाइली बहुधा शाबूत आहेत. त्या काळी युनिकोड (आजच्या कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांसाठी चालणारी सांकेतिक पद्धत) वापरात आलेलं नव्हतं. मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) होतं का ते उघडून बघा. असेल तर मजकूर इस्की या भारतीय सांकेतिक पद्धतीत असणार, आणि तिच्यावरूनच पुढे युनिकोडची देवनागरी मांडली गेली, त्यामुळे रूपांतर बरंचसं सरळ होतं. जिस्ट कार्ड नसून एखाद्या फाँटच्या पॅकेजवर काम झालं असेल तर त्या पॅकेजचं नाव शोधून काढावं लागेल. जुनी बिलं, मॅन्युअलं, फ्लॉपीच्या लेबलांवरची नोंद, काहीही फेकू नका. वडिलांच्या वेळचे ऑपरेटर हयात असतील तर त्यांना आजच भेटा.

*

मी ऑनलाइन यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेतला. साडेतीन इंचीच्या चार फ्लॉप्यांपैकी एकच उघडली. बाकीच्यांना फॉरमॅट करायचं का असं विचारतो. काय करू?
– एक वाचक, ठाणे

'नाही' म्हणा आणि फ्लॉपी बाहेर काढा; फॉरमॅट केलं की जुना मजकूर जातो. हे यूएसबी ड्राइव्ह चांगल्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीपुरते ठीक आहेत. फ्लॉपीत जरा खोट असली, किंवा ती पीसीशिवाय दुसऱ्या मशीनची असली, की ते हात वर करतात. भंगारातल्या डेस्कटॉपमधला रुंद पट्टीच्या केबलचा साधा साडेतीन इंची ड्राइव्ह यापेक्षा पुष्कळ सरस. तो काढून आणा, हेड पुसा, वर सांगितलेल्या ग्रीसवीझल कार्डावर लावा. वीज जोडताना छोटा चार पिनांचा प्लग नीट बघून लावा. तो जोर केला तर उलटाही बसतो आणि मग बोर्ड जळतो.

*

माझ्याकडे काकांचा जुना पीसी आहे. आत सीगेट एसटी-२२५ हार्ड डिस्क, २० एमबी. चालू केलं की एक बारीक 'टक' होतं आणि डिस्क फिरत नाही. मित्र म्हणतो झाकण उघडून हाताने फिरवू. काकांचे हिशेब आणि काही कविता त्यात आहेत.
– एक वाचक, नागपूर

झाकण उघडू नका. डिस्क फिरताना तिचं हेड थराला टेकत नाही, एका मायक्रॉनपेक्षाही कमी उंचीवर हवेच्या झोतावर तरंगतं. आपल्या घरातला धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा.

आधी वीज तपासा. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लाल आणि काळ्या तारेवर: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. पिवळ्या आणि काळ्यावर ११.४ ते १२.६. हे डिस्क जोडलेली असताना, चालू करण्याच्या क्षणी मोजा. जुन्या पॉवर सप्लायमध्ये रिकामे असताना १२ दिसतात आणि मोटर ओढायला लागली की ९ वर येतात. दहातल्या तीन-चार 'मेलेल्या' डिस्का मी नुसता सप्लाय बदलून उठवल्या आहेत. डिस्कच्या बोर्डावर थेंबासारखे रंगीत टँटॅलम कपॅसिटर असतात, त्यातला एखादा शॉर्ट झाला तरी हेच होतं. मीटर कंटिन्युइटीवर (सलग जोडणी असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात आवाज येतो का बघा.

वीज बरोबर असेल तर बहुधा हेड चिकटलं आहे. या डिस्कमध्ये हेड आपोआप बाजूला जाऊन बसत नाही. बंद करण्याआधी 'पार्क'चा प्रोग्रॅम चालवायचा असायचा. तो न चालवता बंद केली की हेड मजकुराच्याच ट्रॅकवर टेकतं आणि वर्षानुवर्षांनी गुळगुळीत थराला धरून बसतं. उपाय असा: तारा काढा. डिस्क दोन्ही हातांत आडवी धरा, जशी ताटली धरतो तशी. मनगटाने डावीकडून उजवीकडे एक झटका द्या आणि एकदम थांबा. तबकडी जडत्वाने पुढे जायला बघते आणि हेड सुटतं. आपटायचं नाही, ठोकायचं नाही. दोन-तीनदा केल्यावर तारा जोडून बघा.

फिरली, तर लगेच वाचायला बसू नका. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी माझ्या माहेरच्या घरी पाण्याला हात लावता येत नाही. अशा थंडीत या डिस्का फसवतात. हेड कुठे आहे हे ती स्वतः तपासत नाही, स्टेपर मोटरने मोजून पावलं टाकली की ट्रॅक आला असं धरून चालते. थंडीत धातू आकसतो आणि पाऊल चुकतं. अर्धा तास नुसती फिरू द्या. आणि काका दुपारी गरम खोलीत काम करत असतील तर खोलीही गरम करा. लिहिलं त्या तापमानाला वाचायची.

फिरताना कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. खालच्या बाजूला मोटरच्या दांड्याला टेकलेली एक पत्र्याची स्प्रिंग असते, स्थिर वीज काढून घेण्यासाठी. ती झिजली की ओरडते. तिला बोटाने अलगद दाबून आवाज बदलतो का बघा. बदलला तर तीच. पण काढून टाकू नका.

आणि डिस्क ज्या कंट्रोलर कार्डाला (कॉम्प्युटरमधल्या डिस्क चालवणाऱ्या कार्डाला) जोडली आहे ते कार्ड तिच्यापासून वेगळं करू नका. त्या काळी प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्या पद्धतीने डिस्क आखायचा, दुसऱ्या कार्डाला ती कोरी दिसते. मग कोणीतरी 'लो-लेव्हल फॉरमॅट करू', म्हणजे पुसून नव्याने आखू, म्हणतं, आणि कविता जातात. पूर्ण डिस्क म्हणजे जेमतेम २१ दशलक्ष बाइट. आजच्या मोबाइलमधले चार-पाच फोटो. पहिल्याच चालण्यात सगळी उतरवून घ्या, कारण दुसऱ्यांदा ती फिरेलच असं नाही.

*

माझे वडील १९८० च्या दशकात इथे नोकरीला आले. त्यांच्याकडे अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६ होता. त्यावर ते गावी आजीला पाठवायची मराठी पत्रं रोमन अक्षरांत टाइप करायचे, शेजारची काकू आजीला वाचून दाखवायची. तीन इंची डिस्का आहेत. मशीन सुरू होतं, पण ड्राइव्हमधून नुसती मोटरची घरघर येते, डिस्क फिरत नाही. इथले लोक म्हणतात बेल्ट गेला. मला हे जमेल का?
– एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

जमेल. ही या सदरातली सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे, फक्त हात घाण होतात.

या तीन इंची ड्राइव्हमध्ये मोटर आणि चकतीची पुली यांच्यामध्ये रबराचा चपटा पट्टा असतो. चाळीस वर्षांत तो तुटत तरी नाहीतर डांबर तरी होतो. तुमचा डांबर झाला असेल. ड्राइव्ह काढताना तारा कशा होत्या याचा फोटो घ्या, बोर्ड सोडवा, आणि पट्ट्याचे काळे चिकट अवशेष लाकडी टूथपिकने खरवडा. मग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने पुलीची खोबण आणि मोटरची दांडी काडी पांढरी निघेपर्यंत पुसा. मोजे धुताना जसा शेवटच्या पाण्यात मळ दिसायचा थांबतो तसं. तो काळा चिकटा हेडला किंवा हातावरून डिस्कला लागू देऊ नका.

नवा पट्टा त्याच ड्राइव्हसाठीचा, चपटाच घ्या. स्टेशनरीचं रबरबँड लावून बघायचा मोह होतो. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, ते ताणतं आणि सुटतं, वेग हेलकावे खातो आणि वाचताना चुका येतात.

वेग मिनिटाला ३०० फेऱ्या हवा. तो तपासायची आमच्या वर्कशॉपची रीत तुम्हाला तिथेही चालेल, कारण तुमच्याकडची वीजही आपल्यासारखी ५० हर्ट्झची. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५. तेव्हा कागदाच्या गोल चकतीवर समान अंतरावर २० काळे पट्टे काढायचे आणि ती पुलीवर चिकटवायची. ट्यूबखाली धरल्यावर पट्टे जागच्या जागी उभे दिसले तर वेग बरोबर. फिरण्याच्या दिशेने सरकले तर जास्त, उलटे सरकले तर कमी. कित्येक जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हच्या खाली असे दोन कडे छापलेलेच असायचे, एक ५० चं आणि एक ६० चं. एलईडीखाली हे सहसा दिसत नाही. म्हणून मी टेबलावरची चोकवाली ट्यूब अजून उतरवलेली नाही, घरच्यांनी सगळे दिवे बदलले तरी.

तुमच्या या ड्राइव्हला हेड एकच आहे. त्यामुळे प्रत्येक डिस्क काढून, उलटी करून, दुसरी बाजूही वाचायला विसरू नका. एका बाजूला १८० केबी. आजीची निम्मी पत्रं दुसऱ्या बाजूला असू शकतात.

*

आमच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांकडून जुनी तीन मशीनं मिळवून एका खोलीत मांडली आहेत. मुलं फ्लॉपी घालून खेळ सुरू करतात, त्यांना फार आवडतं. ड्राइव्ह टिकावेत म्हणून काय करावं? शिपाईकाका खोबरेल तेल घालू म्हणतात.
– एक शिक्षक, म्हापसा, गोवा

शिपाईकाकांना माझा नमस्कार सांगा आणि तेलाची बाटली परत करा. खोबरेल तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. गंजावर मारायचा स्प्रेही नको, तो उडून हेडवर आणि चकतीवर बसतो.

हेड ज्या दोन दांड्यांवर मागेपुढे सरकतं त्यांच्यावरचं जुनं ग्रीस तीस वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते अल्कोहोलने पूर्ण पुसा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाला घेऊन दांड्यावर फिरवा, आणि कोरड्या काडीने पुसून घ्या. जे उरतं तेवढंच पुरे. वर्षातून एकदा.

साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये मात्र आधी फ्लॉपी बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेकडे बघा. तिथलं ग्रीस घट्ट झालं की कप्पा पूर्ण वर उचलला जात नाही, आणि मुलाने फ्लॉपी ओढली की तिच्या धातूच्या झाकणात वरचं हेड अडकून उपटून येतं. बटण दाबल्यावर फ्लॉपी खटकन बाहेर यायला हवी. सावकाश, कण्हत आली तर त्या दिवशी तो ड्राइव्ह बंद ठेवा. आणि अडकलेली फ्लॉपी कधीच ओढायची नाही, हे मुलांना पहिल्या तासाला सांगा.

मुलांना खेळायला देता त्या फ्लॉप्या मूळ नसाव्यात, प्रती असाव्यात. मूळच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, खिडकीपासून आणि स्पीकरपासून लांब ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत घाला. तुमच्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर हे दर पंधरवड्याला करावं लागेल.

आणखी एक करा. भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला ड्राइव्ह आणा आणि त्याचं वरचं झाकण काढून तो मुलांसमोर ठेवा. स्टेपरची दांडी बोटाने फिरवली की हेड एकेक पाऊल सरकताना दिसतं, बोटाला प्रत्येक पावलाचा बारीक टक्का जाणवतो. १.४४ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ८० ट्रॅक, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ७९ पावलं. मुलांना मोजायला लावा. नववी-दहावीतल्या कोणाला त्यापुढे काही विचारावंसं वाटलं तर त्यांनी मला थेट लिहावं, शिक्षकांमार्फत नको. मी त्यांना मांजरीच्या डोळ्यांचा फोटो पाठवीन.